मर्नासाठी निवडलेला दिवा

वेंडल स्टिडमकडे पिस्तूल घेऊन कुणी गेलं, की तो पिस्तुलाआधी त्या माणसाचे डोळे बघायचा. ग्रेडीच्या हार्डवेअर दुकानात खिळे, कुंपणाची तार आणि कोंबड्यांचं खाद्य ओलांडून मागे गेलं की त्याचं पिस्तूल-बंदुकांचं काउंटर लागे. तो पुढे वाकायचा, स्वतःचा चष्मा कपाळावर सरकवायचा आणि विचारायचा, "वाचायला चष्मा लागतो का? आणि गाडी चालवताना?"

माझा भाऊ गेल्यावर मी घरात एकटीच उरले. त्याचं जुनं पिस्तूल घेऊन मी वेंडलकडे गेले, तेव्हा मलाही त्याने हेच विचारलं. मग म्हणाला, "बाई, हात लांब करा. अंगठ्याचं नख स्पष्ट दिसतंय की भिंतीवरचं कॅलेंडर?"

"दोन्ही एकदम कशी दिसतील रे?"

"नाहीच दिसणार. आपल्या वयात एकच दिसतं. म्हणून नेम धरायचा नळीवरचा पुढचा ठिपका मोठा हवा, भगवा, न शोधता सापडणारा. आणि मागची खाच साधी काळी. पुढेही चमकतंय, मागेही चमकतंय असं झालं की डोळ्याला जत्रेत गेल्यासारखं होतं."

नेम धरायला नवीन निघालेली ती लाल ठिपक्याची काचही त्याने मला दाखवली. तिच्यातून बघून मी म्हटलं, "ठिपका कुठला, याला तर शेपूट फुटलंय."

"मग तुमच्या बुबुळात वाक आहे. ग्रेडीला ऐकू जाऊ देऊ नका, पण यावर पैसे घालवू नका."

दिव्याचंही त्याचं असंच होतं. माझ्या पिस्तुलाला त्याने दिवा बसवलाच नाही, साधी टॉर्च घ्यायला लावली. "नळीखालच्या दिव्याची एक खोड आहे. ज्याच्यावर उजेड टाकायचा, त्याच्यावर पिस्तूलही रोखलं जातं. पोर्चवर कचरा उपसणारं रॅकून आलंय की पास्टरसाहेब, एवढंच बघायचं असेल, तर पास्टरसाहेबांवर पिस्तूल कशाला रोखायचं?"

"ते त्या रविवारच्या प्रवचनावर ठरेल," मी म्हटलं. तो इतका हसला, की पुढून ग्रेडीने मान वळवून बघितलं.

मी इथल्या, बेल्स गॅपच्या शाळेत पस्तीसेक वर्षं शिकवलं. वेंडलची मुलगी ट्रिना माझ्या वर्गात होती. गावात कुणाला काय येतं आणि कुणाला नुसतंच वाटतं की आपल्याला येतं, हे मला साधारण ठाऊक आहे. वेंडलला त्याचं काम येत होतं. बडी क्रेनसारखा दांडगा पोरगा काउंटरवर हात आपटून म्हणायचा, "काका, सगळ्यात जास्त उजेडाचा द्या, आंधळाच झाला पाहिजे समोरचा." त्यावर वेंडल शांतपणे विचारायचा, "घरातल्या भिंती कुठल्या रंगाच्या?"

"पांढऱ्या."

"मग तूच आंधळा होशील. उजेड भिंतीवर आपटून तुझ्याच डोळ्यात येईल, आणि चोर तुझा टीव्ही घेऊन जाताना तुला टाटा करेल. दिवा जमिनीकडे धर. फरशीवरून जो उजेड वर उडतो, त्यात माणसाचं तोंड दिसतं. तोंड दिसल्याशिवाय नळी वर उचलायची नाही."

हे शेवटचं वाक्य त्याने गावातल्या प्रत्येकाला सांगितलं असेल. त्याची पक्की समजूत होती, की माणसाच्या हातून चूक होते ती न दिसल्यामुळे. नीट दिसलं, की हात चुकत नाही.

त्याची बायको मर्ना. अंगाने बारीक, पण आवाज असा, की चर्चच्या गाण्यात मागच्या बाकावरून तिचा एकटीचा ऐकू यायचा. वेंडल तरुणपणी कोंबड्या कापायच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा. त्यांचं घर रस्त्याच्या अगदी टोकाला, आणि शेरीफची गाडी तिथवर पोचेपर्यंत ओढ्याला पूर येऊन ओसरावा. म्हणून वेंडलने तिला पिस्तूल घेऊन दिलं आणि चालवायला शिकवलं. ते तिच्या उशाशी, उजव्या हाताच्या खणात असायचं. पुढे तिने जिल्ह्याच्या बायकांच्या नेमबाजीच्या सामन्यात बक्षिसाचा हॅम, डुकराची अख्खी मांडी, जिंकला. तो अख्खा हॅम ख्रिसमसला गावजेवणात वाढला आणि वर म्हणाली, "खा, डुक्कर मी मारलेलं नाही, कागदच मारलाय."

शनिवारी क्लबच्या मैदानावर बायकांची नेमबाजी असे, तेव्हा हुकूम द्यायला मर्नाच असायची. आमच्याकडे मैदानाचा एक नियम आहे, तो पोरांना बायबलच्या गोष्टींच्या आधी शिकवतात. कुणीही "बंद!" असं ओरडलं, की सगळ्यांनी थांबायचं. पिस्तूल रिकामं करायचं, मेजावर ठेवायचं आणि पिवळ्या रेघेच्या मागे जायचं. कोण ओरडलं, का ओरडलं, हे नंतर. एकदा एक पाहुणी बाई, तिची तिथे कुणाशी ओळखही नव्हती, घाबरून "बंद! बंद!" ओरडली. शेरीफच्या दोन माणसांसकट सगळे रेघेमागे गेले. बघतात तर लक्ष्यांच्या पुढून एक कासव चाललेलं. मर्नाने त्याला उचलून झाडीत सोडलं, परत आली, आणि त्या पाहुणीला म्हणाली, "छान ओरडलीस. पुढच्या वेळी पोटातून ओरड."

असं तिचं सगळं होतं. मग ते हळूहळू जायला लागलं.

आधी शब्द गेले. मग रस्ते गेले. एकदा ती चर्चमधून निघाली आणि माझ्या दारात येऊन उभी राहिली. "ओपलबाई, माझं घर कुणी हलवलं?" मी हसले, कारण मला थट्टा वाटली. मग तिच्या डोळ्यांकडे बघितलं, आणि तिचा हात धरून तिला घरी सोडून आले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. घरी येणाऱ्या नर्सने वेंडलला पहिल्याच भेटीत विचारलं, "घरात बंदुका आहेत का?"

"आमच्याकडे? तुम्ही कुठल्या गावच्या?" वेंडल म्हणाला.

"त्या बाहेर ठेवा, मिस्टर स्टिडम. आजच."

त्याने त्याच्या शिकारीच्या बंदुका ट्रिनाच्या नवऱ्याकडे टल्साला पाठवून दिल्या. मर्नाच्या खणातलं पिस्तूल मात्र राहिलं. त्याने प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा लपवलं, तर तिने सगळे खण उपसले, सगळी दारं उघडी टाकली, आणि शेरीफच्या कचेरीत फोन करून रडत सांगितलं की घरात चोर शिरलाय. एकदा त्याने गोळ्या काढून घेतल्या. तिने पिस्तूल उचललं, हातात तोललं आणि म्हणाली, "हे हलकं का लागतंय?" कपाटामागे तिने कधीकाळी ठेवलेली गोळ्यांची जुनी पेटी तिला बरोब्बर आठवली. नवऱ्याचं मधलं नाव आठवत नव्हतं, ती पेटी आठवली. पिस्तूल जागेवर असलं की मात्र ती खणावर एकदा हात ठेवायची आणि लहान मुलासारखी झोपायची.

तेव्हा वेंडलने त्याला जे येत होतं ते केलं. तिच्या पिस्तुलावर मोठा भगवा ठिपका बसवला. नळीखाली दिवा बसवला, पसरट उजेडाचा, पिवळसर, अंगठ्याने सहज लागणारा. त्याने असे चार दिवे घरी नेऊन बोळात, स्वयंपाकघरात, जिन्यात लावून बघितले होते. भिंतींनाही नवीन रंग दिला, मातकट, उजेड उलटू नये म्हणून. हे सगळं त्याने मला मोठ्या समाधानाने सांगितलं.

"आता कसं, बाई, मी रात्री पाणी प्यायला उठलो, तरी तिला माझं तोंड स्पष्ट दिसेल."

 मी म्हटलं, "वेंडल, फळ्यावर लिहिलेलं माझ्या सगळ्या पोरांना दिसायचं. निम्म्यांना ते काय आहे ते कळायचं नाही."

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "ती मला ओळखते."

"आज ओळखते."

"तिचं सगळं काढून घेतलंय, बाई. गाडीची किल्ली घेतली. चेकबुक घेतलं. गॅसचं बटण काढून ठेवलं, ती माझ्याकडे बघत होती. आता हेही काढून घेतलं, तर मी तिचा नवरा कसला, तुरुंगवालाच ना?"

 त्या दिवसापासून त्यांच्याकडे जाताना मी अंगणातूनच मोठ्याने गाणं म्हणत जायला लागले, चर्चमधलं, तिच्या आवडीचं. म्हणजे कोण येतंय ते तिला कानाने कळावं. वेंडलच्या ते लक्षात आलं होतं. 

मार्चमधली गोष्ट. दुपारीच आभाळ हिरवं-काळं झालं, वादळाचा भोंगा वाजला आणि गावची वीज गेली. ग्रेडीने दुकान बंद केलं. त्या दिवशी नर्सने, पुलावर पाणी चढायच्या आत पोचायला हवं म्हणून, फोन करून लवकर निघत असल्याचं सांगितलं. वेंडल धावतपळत घरी निघाला. दुकानातला कुणाचा तरी लांब काळा रेनकोट त्याने अंगावर चढवला, टोपी खाली ओढली, आणि पुढच्या दाराशी झाडाची फांदी पडली होती म्हणून स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरला. एरवी तो दिवेलागणीला, पुढच्या दाराने, शीळ घालत येई.

पुढचं मी त्याच्याच तोंडून ऐकलं, माझ्या स्वयंपाकघरात, त्याच संध्याकाळी.

दार लोटलं आणि त्याच्या तोंडावर उजेड आला. फरशीवर नाही, सरळ तोंडावर.

"मर्ना, मी आहे."

"नाव कुणी सांगितलं माझं?" पलीकडून आवाज आला. भक्कम, थंड, तिचा जुना आवाज.

"मी वेंडल. अगं, वेंडल." त्याने टोपी काढली.

"वेंडल दुकानात आहे. तो संध्याकाळी येतो. तू तो नाहीस. तुझ्याएवढा म्हातारा नाही तो."

"बाई," वेंडल मला म्हणाला, "मला काहीच दिसत नव्हतं. तो दिवा मीच निवडला होता. समोरच्याचं तोंड स्पष्ट दिसावं, असाच निवडला होता. आणि उजेड माझ्या तोंडावर आहे म्हणजे नळी कुठे आहे, हे मला तरी कुणी सांगायला नको होतं. तिचे हात कापत नव्हते. कापले असते तर उजेड हलला असता."

तिला तो पूर्ण दिसत होता. त्याच्या गालावरचा व्रण दिसत असणार, पांढऱ्या भुवया दिसत असणार. सगळं स्पष्ट दिसत होतं आणि तो तिचा कुणीच नव्हता.

तो आणखी एक शब्द बोलला असता, ट्रिनाचं नाव घेतलं असतं, लग्नाची आठवण काढली असती, तर ती आणखी घाबरली असती. परक्या माणसाला आपलं सगळं ठाऊक आहे याच्याइतकं भीतीदायक काय असतं? त्याने डोळे मिटले. मग त्याच्या तोंडून काय निघालं याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

"बंद!"

पोटातून ओरडला.

उजेड खाली गेला. खटक्याचा आवाज आला, गोळ्यांचं मॅगझीन मेजावर पडलं, पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढून अडकवल्याचा आवाज आला, आणि मग पिस्तूल लाकडावर टेकलं. मर्ना दोन पावलं मागे सरकली. तिथे पिवळी रेघ नव्हती, फ्रिज होता. फ्रिजला पाठ लावून, दोन्ही हात मोकळे दाखवून, तिने अंधारात मोठ्याने म्हटलं, "मेज मोकळं!"

वेंडलने पिस्तूल उचललं, रेनकोटमध्ये घातलं. नळीत एक गोळी होती, ती फरशीवर पडली होती, तीही चाचपडून शोधली.

"काय झालं होतं हो?" मर्नाने सभ्यपणे विचारलं. "कासव होतं का?"

"हो," वेंडल म्हणाला. "कासवच होतं."

"गेलं का ते?"

"गेलं."

"मग तुम्ही पोर्चवर बसा. माझा नवरा घरात नाही, मी परक्या माणसाला आत बसवत नाही. तो येईल इतक्यात."

तो पोर्चवर जाऊन बसला. पाऊस आडवा येत होता, झोपाळ्याच्या साखळ्या वाजत होत्या, पिस्तूल त्याच्या मांडीवर रेनकोटखाली होतं. खिडकीतून ती त्याच्यावर मधूनमधून लक्ष ठेवत होती. संध्याकाळ झाल्यावर त्याने रेनकोट कठड्यावर टाकला, फांदी बाजूला ओढली आणि शीळ घालत पुढच्या दाराने आत गेला.

"आलास?" मर्ना म्हणाली. "केवढा भिजलास! अरे, बाहेर एक बिचारा म्हातारा बसलाय. त्याला काहीतरी खायला दे."

तिला शेजारच्या कोल बाईंपाशी बसवून तो माझ्याकडे आला. खोक्यात पिस्तूल, वेगळ्या फडक्यात मॅगझीन. "तुमच्याकडे भावाचं लोखंडी कपाट आहे ना," म्हणाला. मी खोकं घेतलं, आत ठेवलं, कुलूप लावलं. त्याच्यापुढे गरम कॉफी आणि कालची मक्याची भाकरी ठेवली. त्याने भाकरी कुस्करून कुस्करून तिचा चुरा केला.

"मी सगळ्या गावाला सांगत आलो, बाई. तोंड दिसलं की झालं."

मी त्याच्या हातावर हात ठेवला.

दिवा मात्र त्याने नळीखालून काढून परत नेला. अक्रोडाच्या लाकडाची, पिस्तुलाच्या घाटाची एक मूठ तासली, आत शिसं भरून तिला वजन आणलं, आणि त्यावर तो दिवा बसवून खणात ठेवला. काही रात्री ती त्या मुठीवर हात ठेवते आणि झोपते. काही रात्री म्हणते, "हे माझं नव्हे," आणि खण उपसायला लागते. तेव्हा तो तिच्याबरोबर शोधतो, एकेक खण. पहाटेपर्यंत शोधतो. दुसऱ्या दिवशी काउंटरवर त्याचे डोळे लाल असतात.

कामाला तो अजून जातो, आठवड्यातून थोडे दिवस. परवा मी खिळे घ्यायला गेले होते. बडी क्रेन त्याच्या आजीसाठी दिवा निवडायला आला होता. वेंडलने नेहमीप्रमाणे भिंतींचा रंग विचारला, चष्मा विचारला. मग विचारलं, "घरात आणखी कोण असतं? आजी सगळ्यांना ओळखते का?"

"काका, दिवा विकताय की नातेवाईक मोजताय?"

"ओळखते का, ते सांग."

"मला कधीकधी आजोबांच्या नावाने हाक मारते. म्हातारपण आहे, चालायचंच."

वेंडलने काउंटरवरचा दिवा उचलला आणि परत काचेखाली ठेवला. "हा नाही मिळायचा. साधी टॉर्च ने. आणि तिचं पिस्तूल माझ्याकडे घेऊन ये."

"ती देणार नाही. जीव काढेल माझा."

"रडेल," वेंडल म्हणाला. "खूप रडेल. तरी आण."

बडी चिडून निघून गेला. ग्रेडीलाही ते आवडलं नाही.

रविवारी मी त्यांच्याकडे रश्श्यातल्या डंपलिंगचं भांडं घेऊन गेले, गाणं म्हणतच. आभाळ भरलेलं होतं, स्वयंपाकघरात अंधारून आलं होतं. मर्ना हातात ती लाकडी मूठ घेऊन मेजाशी उभी होती. अंगठ्याने दिवा लावला, उजेड फरशीवर धरला, शिकवला होता अगदी तसा. वर उडालेल्या उजेडात तिने माझं तोंड निरखलं.

"ओपलबाई! शाळा सुटली का?"

"सुटली गं."

मग उजेडाचा गोल फरशीवरून सरकत मोरीपाशी गेला. तिथे वेंडल बाह्या सारून उभा होता.

"आणि हे कोण?"

वेंडलने मागे वळून बघितलं. हातांवर साबणाचा फेस होता. "भांडी घासायला आलोय."

"मग नीट घासा. माझ्या नवऱ्याला कपाला डाग चालत नाही."

"ऐकलंय मी त्याच्याबद्दल," तो म्हणाला. "फार कटकट्या आहे म्हणे."

"काही कटकट्या नाही हं!" मर्ना तडकली. "एक शब्द बोलायचा नाही त्याच्याबद्दल, माझ्या घरात उभं राहून."

वेंडलने मान खाली घातली आणि कप पुन्हा एकदा विसळला.

निघताना तो मला पोर्चपर्यंत सोडायला आला. झोपाळ्यापाशी थांबून हळूच म्हणाला, "ते कपाट लावलेलं आहे ना?" दर रविवारी विचारतो.

"आहे."

"काल रात्री ती फार रडली, बाई. एका क्षणी मी बूट घालून दारापर्यंत आलो होतो. तुमच्याकडून ते परत न्यायला निघालो होतो." तो थांबला. "किल्ली कुठे ठेवता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर त्याने घाईने हात वर केला.

"नको. सांगू नका. मी विचारलं तरी सांगू नका."

आतून मर्नाची हाक आली. "कोण आहे बाहेर? वेंडल आला का?"

"येतोय गं," त्याने सांगितलं. जाळीचं दार उघडण्याआधी उंबऱ्याशी थांबला आणि शीळ घालायला लागला.